पस्तीसची लेन्स आणि बाबांचं मिठागर

जुनी लेन्स हातात आली की मी आधी तिच्या पाठीमागून टॉर्च मारतो. आत धूळ आहे का, ओरखडे आहेत का, आणि मुख्य म्हणजे बुरशी आहे का, ते बघतो. आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. बारीक धागे पसरतात आणि मग फोटोत सगळीकडे धुकं. बायको म्हणते, "मला बघायला आला होतात तेव्हाही इतकं निरखून बघितलं नव्हतंत." खरं आहे ते.

मी शाळेत गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात हा नाद करतो. नव्या लेन्सचा मला राग येतो. ती स्वतःच फोकस धरते, आपल्याला विचारतही नाही. जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या लेन्स तशा नाहीत. ते फिल्मचे कॅमेरे कधीच बाद झाले, म्हणून त्यांच्यातल्या साध्या लेन्स अजून स्वस्तात मिळतात, आणि मधे एक धातूची कडी बसवली की आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर त्या चालतात. माझी पस्तीसची, म्हणजे पस्तीस मिलिमीटरची, रुंद दृश्य टिपणारी जपानी लेन्स पेणच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या कपाटातून आली. लिंबाएवढी लेन्स, आणि तिच्या पोटाशी नखाएवढी एक दांडी. ती बोटाने सरकवायची. दांडी या टोकाला असली की जवळचं स्पष्ट, त्या टोकाला गेली की पार क्षितिज. हात बसला की अंतर बोटालाच कळतं.

तर असा मी, शंभर काचांमधले दोष शोधणारा. बाबांच्या डोळ्यांत मात्र कधी टॉर्च मारला नाही.

बाबांची हयात मिठागरावर गेली. पौष-माघात खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ धरलं की लाकडी फळीने ओढून बांधावर ढीग लावायचे. पांढऱ्या मिठावरचं ऊन थेट डोळ्यांत जातं. त्यामुळे आमच्याकडे डोळ्यांची कुठलीही तक्रार असो, तिचं कारण ठरलेलं. डोळे लाल झाले, मीठ. पाणी आलं, मीठ. आजोबांना शेवटी दिसत नव्हतं, तेही मिठामुळेच, असं सगळी आळी सांगायची. मिठागरावरच्या माणसाने डोळ्यांसाठी डॉक्टरकडे जाणं म्हणजे कोळ्याने पाय भिजले म्हणून तक्रार करणं.

चार-पाच वर्षांपूर्वी बाबा बांधावरून चालताना अडखळायला लागले. समोरचं बरोबर दिसायचं, सुईत दोरा ओवायचे, पण शेजारी ठेवलेल्या बादलीला लाथ बसायची. ताटातली भाजी राहून जायची, कारण ती उजव्या कडेला असायची. मी एकदा चिडून म्हणालोसुद्धा, "बाबा, जरा बघून चाला की." ते हसले. "मोतीबिंदू आसंल. पिकला का काढू. कच्चा काढून काय करतंस?" चाळीस वर्षं वाफ्याशेजारी बसून मीठ पिकायची वाट बघितलेला माणूस. घाई केली तर हाती चिखल येतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. आणि मला ते पटलं. मला, गणिताच्या मास्तरला!

शेवटी नेलं तेव्हा अलिबागच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं आणि मला एकट्याला आत बोलावलं. मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता. त्यात डोळ्याच्या आतला दाब वाढतो, मागची नस सुकत जाते, आणि नजर कडांकडून मध्याकडे मिटत येते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी टिकवायची, टिकली तर. "आधी का नाही आणलंत?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "आम्हाला वाटलं, मिठामुळे." त्यांनी थेंबांची चिठ्ठी लिहून दिली.

मग सुरू झालं वरातीमागून घोडं. दिवसातून तीन वेळा थेंब, घड्याळ लावून, मी स्वतः घालायचो. एक चुकला की बायकोवर ओरडायचो. तिचा काही दोष नव्हता. कुणावर तरी ओरडायला हवं होतं.

पुढच्या हंगामात बाबांनी मिठागर माझ्या चुलतभावाकडे सोपवलं, पण संध्याकाळी बांधावर जाऊन बसायचं सोडलं नाही. मी सोबत कॅमेरा घेऊन जायचो. एकदा सहज कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर काय दिसतंय ते त्यांना दाखवलं. त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांत धरला, खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून कॅमेऱ्यापर्यंत ओढून घेतला आणि आतून ओरडले, "आरं, सगला दिसतंय! समदे वाफे! उघाडीपन हाय!" उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं लाकडी दार, मिठागराच्या पार टोकाला.

मला उलगडायला क्षणभर लागला. त्यांना जगाचा थाळीएवढाच तुकडा दिसत होता. पस्तीसची लेन्स सगळं मिठागर त्या थाळीत बसवून देत होती. दोन वर्षांत त्यांनी ते पहिल्यांदाच अख्खं बघितलं होतं.

त्या दिवसापासून कॅमेरा त्यांचा झाला. दांडी त्यांच्या बोटाला लगेच सापडली. उघाडीची फळी वर-खाली करून पाणी सोडणाऱ्या हाताला हे काय अवघड? फोकस झाला की कडांवर लाल रेघा चमकतात, त्या बघून खूश व्हायचे. टॉवेलच्या आतून चुलतभावाला हुकूम सुटायचे. "तिसऱ्या वाफ्यान पानी जास्ती हाय, फोड बांध." चुलतभाऊ मला डोळा मारायचा आणि जाऊन बघायचा तर पाणी खरंच जास्ती. मी त्या संध्याकाळी किती खूश होतो, काय सांगू. डॉक्टरांना जमलं नाही ते मी करून दाखवलं, असंसुद्धा मनात येऊन गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या पावसाळ्यानंतर एक दिवस बाबा म्हणाले, "धुका दिसतंय र." मला वाटलं, उरलेली नजरही गेली. पण टॉर्च मारला तर लेन्समध्ये बुरशी! इतका आनंद मला बुरशी बघून कधी झाला नव्हता. ओटीवर बाबांसमोर बसून लेन्स खोलली, एकेक काच पुसली, दोन दिवस उन्हात ठेवली. जोडून दिल्यावर त्यांनी टॉवेल ओढला आणि म्हणाले, "तुज्या हातान गुन हाय." आळीत चार जणांना सांगत सुटले, पोरगा काच धुतो आणि मना दिसतंय.

थेंब चालूच होते. मधे दाब कमी करायला शस्त्रक्रियाही झाली. डॉक्टरीणबाई दर वेळी कागदावर नजरेचा नकाशा काढून देत. काळा भाग वाढत होता, मधला पांढरा ठिपका लहान होत होता. मी ते कागद शाळेच्या कपाटात ठेवायचो. घरी आणले नाहीत.

यंदा माघात बाबा पुन्हा म्हणाले, "धुका हाय. परत बुरशी धरली बग."

मी टॉर्च मारला. लेन्स स्वच्छ होती. आदल्याच आठवड्यात मी ती पुसली होती. तीनदा टॉर्च मारला, प्रत्येक काच तिरकी धरून बघितली, एखादा धागा सापडावा म्हणून अक्षरशः देवाला हात जोडले. काही नव्हतं.

"व्हय बाबा," मी म्हणालो, "बुरशीच हाय." आणि तिथेच बांधावर त्यांच्याशेजारी बसून स्वच्छ काच पुसायला लागलो. त्यांना फडक्याचा आवाज जावा म्हणून जोरात पुसली. वाफ्यांवर ऊन कलत होतं, चुलतभाऊ मीठ ओढत होता. मला काहीही करता येत नव्हतं, म्हणून मी पुसत राहिलो. मग लेन्स कॅमेऱ्यावर चढवली आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी टॉवेल ओढून घेतला. बोटाने दांडी चाचपली, हळूहळू पार टोकाला नेली.

"आता कसा," ते टॉवेलच्या आतून म्हणाले. "सगला दिसतंय. पार उघाडीपर्यंत."

मग टॉवेलखालून एक हात बाहेर आला, माझा गुडघा शोधला आणि त्यावर दोनदा थोपटलं. कॅमेरा मी चालू करायचाच विसरलो होतो.