नवव्या रांगेतला मास्क

माझं बोलणं कुणी ऐकत नाही, याची मला सवय आहे. मी विमानात केबिन क्रू आहे. दरवाजे बंद झाले की सुरक्षेच्या सूचना द्यायची पाळी बहुतेक माझ्यावरच येते, आणि लोक तेवढ्यात मोबाइलमध्ये डोकं खुपसतात. माझा आवाज खणखणीत आहे. सुरतेच्या पांडेसऱ्यात कापडाच्या मिलशेजारी वाढलेल्या पोरींना हळू बोलून भागत नाही. त्यामुळे "आधी स्वतःचा मास्क लावा, मग दुसऱ्याला मदत करा" हे वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं. ऐकणारं कुणी असो नसो.

त्या दुपारी मात्र एक श्रोता होता. माझे वडील. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. एका डाइंग मिलमध्ये तीस वर्षं रंगाच्या वाफेत उभे राहिले आणि छाती खराब करून घेऊन घरी बसले. दोन जिने चढले की त्यांच्या श्वासाची शिट्टी वाजते. डॉक्टरांना विचारून मी त्यांना पहिल्यांदा विमानात बसवलं होतं, माझ्याच सुरत-दिल्ली फेरीवर, नवव्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेची सीट. नवा शर्ट, खिशात दम्याचा पंप. माझ्या सूचना त्यांनी शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारख्या ऐकल्या. मला हसू आवरेना.

विमान पुरतं वर गेलं आणि मी चहाची गाडी घेऊन निघाले. आठव्या रांगेशी पोचले तेव्हा कानांत दडे बसले. तसे ते बसत नाहीत, रोजच्या कामात तर नाहीच. हवा एकदम गार पडली आणि डोक्यावरची झाकणं खटाखट उघडून पिवळे मास्क लोंबायला लागले. केबिनमधला हवेचा दाब कमी होत होता.

घाबरले का? नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. वर्षानुवर्षं घोटून घेतलेलं असतं, हातच कामाला लागतात. पायानं गाडीचा ब्रेक दाबला. "मास्क ओढा! तोंडाला लावा!" अशी हिंदीत आरोळी ठोकली. तेवढ्या उंचीवर मास्कशिवाय माणूस शुद्धीवर फार तर मिनिटभर राहतो, आणि अशक्त छातीचा त्याहून कमी. म्हणून माझी नजर आधी नवव्या रांगेकडे गेली.

आण्णांनी मास्क ओढला होता. बरोबर ओढला होता. पण तोंडाला लावला नव्हता. तो त्यांनी हात लांब करून माझ्याकडे धरला होता. नळी ताणली गेली होती, माझ्यापर्यंत पोचत नव्हती, तरी ते पुढे झुकून ती आणखी ताणत होते. ओठांचा रंग बदलायला लागला होता.

मला संताप आला. खरंच सांगते, प्रेमबिम नंतर, आधी संताप. मी आमच्या अहिराणीत ओरडले, "आण्णा, तोंडले लावा!" ते मान हलवून नाही म्हणाले.

एक पाऊल टाकलं असतं तर तो मास्क त्यांच्या तोंडावर दाबता आला असता. पाय उचललाही होता. पण ते मास्क सोडणार नव्हते, झटापट झाली असती, आणि त्यात आधी मी कोसळले असते. मग त्यांना कोण बघणार? आठव्या रांगेवर प्रवाशांपेक्षा एक मास्क जास्त असतो. तो मी खेचला आणि त्यांच्या डोळ्यांत बघत स्वतःच्या तोंडावर चढवला. बाप निळा पडत असताना पोटभर श्वास घेणं किती अवघड असतं, ते मला कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

माझी छाती वरखाली होताना दिसली, तेव्हा कुठे त्यांनी हात मागे घेतला आणि मास्क लावला.

विमान झपाट्यानं खाली येत होतं. मी सीटच्या दांडीला धरून उभी होते. काही मिनिटांनी कॅप्टननी शांतपणे सांगितलं की आता मास्कशिवाय श्वास घेता येईल आणि आपण सुरतेला परत चाललो आहोत. मी हातात धरून न्यायची ऑक्सिजनची बाटली घेऊन आधी आण्णांकडे गेले, मग रांगेरांगेनं सगळ्यांकडे. कुणाला काही झालं नव्हतं. आम्ही काम चोख केलं होतं, आणि याचा मला आजही अभिमान आहे.

विमानतळावर डॉक्टरांनी आण्णांना तपासलं, बाकावर बसवलं. मी युनिफॉर्मवरच त्यांच्यासमोर उभी राहून तोंड सोडलं. एवढं कान देऊन ऐकलं ते कशासाठी? नियम कळत नाही का? त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुना तोंडवर काहीच नव्हतं," ते म्हणाले. "मंग मी कसा लावू?"

मी त्यांच्या पायाशी खाली बसले. त्यांचा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, घ्या शपथ, पुन्हा असं झालं तर आधी स्वतःला लावाल.

हात डोक्यावर तसाच राहिला. केसांवरून एकदा फिरला. मग ते म्हणाले, "तुना डोकावर हात ठेईसन खोटं बोलू का?"