चोवीस तास पाणी

राग माझ्या नाकावर. घराणं भटजी-कारकुनांचं, त्यामुळं हात कुणावर उचलला नाही, पण तोंड असं चालायचं की समोरच्याला मार परवडला असता. शहरातल्या पुंडलिकनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं वेबसाइट बनवायचो. गिऱ्हाईक सांभाळणं आणि मजकूर माझ्याकडं, चित्रं आणि मांडणी भागीदाराकडं. तो देवगाव रंगारी या खेड्यातला, बाप अजून मेंढरांमागं फिरणारा. गडी थंड डोक्याचा. त्याचं एकच टुमणं, "गिऱ्हाईक काय म्हणलं ते लिहून घेत जा. तोंडी कामाला मालक नसतो."

मी कशाला ऐकतोय. फोनवर 'हां, टाका' आलं की काम पक्कं, ही माझी पद्धत.

त्या सालात पाऊस पडलाच नव्हता. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी, आणि शहर मात्र चहूकडं पसरत चाललेलं. एका बिल्डरनं शहराबाहेरच्या प्लॉटांच्या स्कीमची वेबसाइट आम्हाला दिली. महिना झाला तरी त्याच्याकडून माहिती येईना. रोज 'उद्या देतो'. एका सकाळी माझं डोकं फिरलं आणि मी मनानंच सगळं लिहून टाकलं. अगदी वर, ठळक अक्षरांत: चोवीस तास पाणी. फोनवर वाचून दाखवलं. बिल्डर म्हणाला, "एक नंबर. टाका."

भागीदार म्हणाला, "पाण्याचं तेवढं नको. त्याची सही आण, मग टाकतो. असल्या सालात पाण्याचं खोटं लोक सोडत नाय."

"तुला कुणी अक्कल विचारली?" असं म्हणून मी हातातला स्टीलचा पेला भिरकावला. त्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. त्यानं पेला उचलून टेबलावर ठेवला. ती ओळ त्यानं टाकली. आमची जाहिरात म्हणून प्रत्येक वेबसाइटच्या तळाशी आम्ही आमचा पत्ता द्यायचो, तोही टाकला. बिल्डरनं स्वतःचा पत्ता दिलाच नव्हता, नुसता मोबाईल नंबर.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लोक तिथं घरं बांधून राहायला गेले होते. बोअर कोरडी, टँकर फिरकेना, बिल्डरचा फोन बंद. मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं. वेबसाइटवर पत्ता एकच होता, आमचा.

भर दुपारी गल्लीत टँकर आला म्हणून मी दोन घागरी घेऊन खाली गेलो होतो. भरून जिना चढत होतो तर वर काच फुटल्याचा आवाज आला. दारात पोचलो. आत सात-आठ माणसं, हातात फावड्याचे दांडे. कॉम्प्युटर फरशीवर फुटून पडलेला. दोघांनी भागीदाराला टेबलावर दाबून धरलेलं, तोंडातून रक्त. एक जण परत परत तेच विचारत होता, "हे पाण्याचं कुणी लिहिलं? नाव सांग, सोडतो."

त्यानं मान वळवली. मला पाहिलं. आणि गप्प राहिला.

दांडा त्याच्या उजव्या मनगटावर पडला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. मग त्यातला एक माझ्याकडं वळला. "तू कोण रे? यांच्यातला का?"

आयुष्यभर जगाला शिव्या घालणाऱ्या माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "नाय. मी पाणीवाला."

"मग ठेव आन् नीघ."

मी घागरी ठेवल्या आणि निघालो. मागं दांडा अजून दोनदा पडला. मी जिन्यात उभा राहून ऐकला.

आता आमच्याकडं गिऱ्हाइकाच्या सहीशिवाय एक ओळसुद्धा चढत नाही. लोक कुरकुरतात, मी मुकाट्यानं कागद पुढं सरकवतो. भागीदार डाव्या हातानं काम करतो, सावकाश. उजव्या हाताची बोटं अजून वळत नाहीत. ती दिसली की मला माझी किळस येते.

मारहाण झाली त्या दिवशी संध्याकाळी त्याचा बाप दवाखान्यात आला, तेव्हा मी खाटेशेजारीच उभा होतो. पोराचं प्लास्टर बघून त्यानं विचारलं, "तुझा दोस्त कुठं व्हता तवा?"

भागीदारानं माझ्याकडं न बघता सांगितलं, "पाणी आणाया गेला व्हता."

म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, "बरं झालं बाबा, तू तरी वाचला."