व्हिदाचं पहिलं पान

आमच्या सालोनिका शहरातल्या ज्यू वस्तीत व्हिदा लोकर धुण्याचं काम करते. अंगाला कायम ओल्या मेंढीचा वास, म्हणून सिनेगॉगच्या सज्जात बायका तिच्यापासून चार हात लांब बसतात. तिचा नवरा शेमाया तीस वर्षं प्रवचनं लिहीत होता आणि घर तिच्या लोकरीवर चाललं. मूलबाळ नाही. मरताना तो म्हणाला, "मुलगा नाही झाला, निदान पुस्तक होऊ दे. नाव राहील."

मी छापखान्यात अक्षरं जुळवतो आणि व्हिदाला तिया, म्हणजे मावशी, म्हणतो. जमातीतला बडा माणूस, सिन्योर योमतोव्ह, छपाईचा खर्च उचलायला तयार झाला तेव्हा व्हिदाने त्याचे हात डोळ्यांना लावले.

आमच्याकडे पुस्तक एकदम हाती पडत नाही. दर शनिवारी प्रार्थनेनंतर एकेक फर्मा, म्हणजे पुस्तकाच्या काही पानांचा छापील ताव, वाटतात आणि लेखकाचं नाव असलेलं पहिलं पान सगळ्यांत शेवटी छापतात. व्हिदाला वाचता येत नाही. आलेले फर्मे उशाशी ठेवून ती वर्षभर त्या एका पानाची वाट पाहत राहिली.

शेवटच्या आठवड्यात योमतोव्ह छापखान्यात आला, उकडलेलं अंडं तोंडात कोंबत.

"पानावर माझं नाव टाक. ठळक दिसू दे."

"आणि शेमायाचं?"

"मेलेल्याला काय वाचायचंय? बायको तर अक्षरशत्रू."

दाढीत पिवळा बलक अडकलेला. मला शिसारी आली. तरी मी मुकाट्याने ती अक्षरं जुळवली, कारण कागद त्याचा होता आणि मी शेपूट घालणारा माणूस आहे.

शनिवारी ते पान सगळ्यांनी वाचलं. यातल्या निम्म्यांनी तीच प्रवचनं व्हिदाच्या घरी, तिच्या हातचं खात ऐकलेली. आता तेच योमतोव्हभोवती लाळ घोटत उभे. थू असल्या भक्तीवर!

व्हिदा पान घेऊन माझ्याकडे आली. "अव्राम, कुठाय रे माझा माणूस?"

योमतोव्ह बघत होता. मी त्याच्याच नावावर बोट ठेवलं. "हा काय, तिया."

तिने अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"दर महिन्याला मी त्याच्या थडग्यावरचं शेवाळ खरवडते," ती म्हणाली. "त्याचं नाव माझ्या बोटांना पाठ आहे. हे ते नव्हे."

दुसऱ्या दिवशी ती सगळे फर्मे फडक्यात बांधून आली. "चल, कबरस्तानात. पुरायचंय."

जीर्ण धर्मग्रंथ आम्ही माणसांसारखे पुरतो, कारण देवाचं नाव असलेला कागद फाडता येत नाही. पण ही पानं नवीकोरी होती.

"तिया, पुस्तक चांगलं आहे गं."

"असणारच. माझ्या घरात वाढलंय. दुसऱ्याच्या नावावर जगण्यापेक्षा बापाजवळ राहू दे."

शेमायाच्या थडग्याच्या पायाशी मी खड्डा खणला. तिने गाठोडं खाली ठेवलं, वर माती लोटली. निघताना रिवाजाप्रमाणे फाटकाशी तिने हात धुतले. मी माझे हात पुढे केले. बोटं शाईने काळी होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, तांब्यातलं उरलेलं पाणी मातीत ओतलं आणि तांब्या पालथा घातला.

"तुझे राहू देत," ती म्हणाली.