कोणत्या कुशीवर झोपता?

माझ्या निवृत्तीच्या सत्कारात सगळे म्हणाले, वस्तीतल्या बायकांना मी बोलतं केलं. शाल मी घेतली. बोलतं केलं ते माझ्या थोरल्या बहिणीनं.

तेव्हा भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. मरोद्याकडच्या मजूरवस्तीतल्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो, मलमपट्टी करायचो. घरात मार खाणाऱ्या बाईचे वळ जातात, पण मागे कोणतं दुखणं उरतं, याचा शोध तिथल्या डॉक्टरीणबाई घेत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं. विदर्भातून आलेल्या मजुरांच्या बायकांचं बोलणं मी हिंदीत सांगायचो. "पडली," एवढंच बायका सांगत, कारण बहुतेकींचे नवरे मला ओळखत.

एकदा ताईच आली. कान वाहत होता. भाऊजींनीच मला नोकरीला लावलं होतं. ताई म्हणाली, "तो मारते मले. सांग बाईले."

मी हिंदीत सांगितलं, नळावर पाय घसरला.

नळावर, बाजारात बोलून ताईला हिंदी यायला लागलं होतं. "बाई, ये मेरा भाई है. झूठ बोल रहा है." मग माझ्याकडे वळली, "तू कावून भेतं रे? मार तं मी खाऊन रायली!"

बाईंनी मला तपासणीच्या खोलीबाहेर काढलं आणि दुभाषी म्हणून ताईलाच रोज बोलावलं. "मारते का?" असं ताई कधी विचारत नसे. "कोणत्या कुशीवर झोपता?" एवढंच. दुसऱ्या कुशीवर का नाही, हे सांगताना बरगडी निघायची, कान निघायचा, मग उडालेली झोप आणि पडलेले गर्भही. बाईंच्या अहवालातलं निम्मं त्या प्रश्नातून आलं.

एक दिवस भाऊजी दवाखान्यात आले. "घरी चाल."

रांगेतल्या बायकांनी पदर पुढे ओढून घेतले. आज ताई उठली, तर उद्या यातली एकही येणार नाही, हे मला कळत होतं.

"दवाखाना सुटू दे, मंग येतो," ताई म्हणाली. "बसायचं असन तं बाहेर बसा. हा बायकांचा नंबर आहे."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. भाऊजी निघून गेले. त्या रात्री घरी काय झालं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ताई वेळेवर आली, आणि रांगही कालच्यापेक्षा लांब होती.