ढावल्यातून गळत गेलेली माणसं

केनवडकडून रिसोडला येताना रस्त्यालगत सोयाबीनचं एक गोदाम आहे. हंगाम सरला की ते रिकामं पडतं. आमच्या तालमी तिथे चालायच्या. आवाज पत्र्यावर आदळून परत अंगावर यायचा, आणि कोपऱ्यातल्या पोत्यांना कुबट वास होता. पण गावाच्या बाहेर असल्यामुळे कोणाची कटकट नव्हती.

मी शाळेत संगीत शिकवते. पेटी वाजवायला म्हणून मला घेतलं होतं. पुण्याचा एक तरुण गिटारवाला हे सगळं जुळवत होता. त्याने स्पेनची एक गायिका आणली होती आणि आफ्रिकेतल्या मालीचा एक कोरावादक. कोरा म्हणजे मोठ्या अर्ध्या भोपळ्यावर कातडं ताणून तारा लावलेलं वाद्य. आणि आमच्याकडचं म्हणून जवळच्या तांड्यावरचं एक बंजारा जोडपं होतं. म्हातारा नगारा वाजवायचा, म्हातारी गायची. अख्खा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. मीही तेच म्हणायला लागले. म्हाताऱ्याला मी बाबा म्हणत असे.

गिटारवाल्याला याडीचा ढावलो हवा होता. सासरी निघालेली बंजारा मुलगी आपल्या एकेका माणसाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. आधी आई, मग बाप, मग भाऊ, मग बहीण, शेवटी मैत्रिणी. प्रत्येकाचं रडणं वेगळं, प्रत्येकाचे बोल वेगळे.

"असा मोकळ्यात नाई म्हनत, बाई," याडी पहिल्याच दिवशी मला म्हणाली. "मी कोनाच्या गळ्यात पडू?"

मी स्पॅनिश गायिकेला मोडक्या इंग्रजीत हे समजावलं. ती उठली आणि गुपचूप याडीसमोर जाऊन उभी राहिली. याडी आधी लाजून हसली. मग तिने त्या उंच बाईच्या मानेला मिठी घातली आणि आवाज लावला. तो आवाज ऐकून मालीवाल्याची बोटं तारांवरच थांबली. थोड्या वेळाने स्पॅनिश बाईनेही आपल्या मुलखातलं एक दुःखाचं गाणं खालच्या सुरात सुरू केलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून दोन भाषांत रडत होत्या आणि सूर कुठेच भांडत नव्हते. बाबा एकाच काठीने नगाऱ्यावर हलकेच ठोका देत होते. असं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दोन-चार तालमींत मला ढावल्याचा क्रम पाठ झाला. बापाचं संपलं की भावाच्या वेळी सूर वर चढायचा, माझी बोटं आपोआप तिकडे जायची. एके दिवशी बोटं वर गेली आणि याडी गेलीच नाही. ती सरळ बहिणीवर आली. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली केली आणि ठोका जरा जोरात दिला.

पुढच्या तालमीत बहीणही आली नाही. भाऊ तर पुन्हा आलाच नाही.

गिटारवाला खूश होता. "याडी स्वतःहूनच आटोपशीर करतायत, किती छान!" असं तो म्हणाला. मला मात्र पेटीवर बोटं ठेवायची भीती वाटू लागली. आज कोण जाणार?

बाहेर चहा घेताना मी बाबांना बाजूला घेतलं. "बाबा, याडी काहून सोडून राह्यली मधलं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "घरी बी तसंच चालू हाय. परवा चूल पेटवली अन् इचारते, आता याच्यावर काय ठेवू? लेकीचं नाव घेतलं तं म्हने कोन?"

"डाक्टरले दाखवलं?"

"दाखवतो. हा कार्यक्रम होऊ दे. गाते तवा ते अजून माही वाटते."

मी त्याच दिवशी गिटारवाल्याला सगळं सांगितलं. कार्यक्रम रद्द करू, असंही तो म्हणाला. पण बाबाच हात जोडून नको म्हणाले.

कार्यक्रम वाशिमला एका मैदानावर होता. संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं, वारा बंद, मांडवाचं कापड जरासुद्धा हलत नव्हतं. याडी आपल्या आरशांच्या कांचोळीत, म्हणजे बंजारा चोळीत, फार देखणी दिसत होती. तिने मिठी घातली, आईचं गायलं. स्पॅनिश बाईने साथ धरली. मग याडी थांबली. मिठी सोडून ती दोन पावलं मागे सरकली आणि समोरच्या बाईकडे परक्या घरात शिरल्यासारखी बघू लागली.

"कोन होय तू?" ती म्हणाली. माइकवरून ते मैदानभर गेलं.

मालीवाला हळूच तार छेडत राहिला. लोकांना वाटलं, खेळातलंच आहे. याडी माझ्याकडे वळली, मलाही ओळखलं नाही. तेवढ्यात नगारा थांबला. बाबांनी काठी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले. तिने त्यांना निरखून पाहिलं. मग एकदम त्यांच्या गळ्यात पडली आणि बापाचा ढावलो म्हणू लागली. पूर्ण, एकही बोल न चुकता. नवऱ्याला बाप समजून ती त्याचा निरोप घेत होती, आणि बाबा सासरी जाणाऱ्या लेकीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत होते. मला पेटी वाजवता आली नाही. स्पॅनिश बाई तोंडावर पदर घ्यावा तशी ओढणी धरून उभी होती. टाळ्या थांबता थांबत नव्हत्या.

डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते बाबांना आधीच ठाऊक होतं. आमचा संच पुढे दुसऱ्या शहरांत गेला. ढावलो मात्र कोणी घेतला नाही, याडीच्या आवाजाचं रेकॉर्डिंगसुद्धा नाही. त्याबाबत कोणाला काही सांगावं लागलं नाही.

मागच्या महिन्यात मी तांड्यावर गेले. त्याच्या आधी याडी एकदा एकटीच रस्त्याला लागली होती. ओळखीच्या जीपवाल्याने तिला परत आणून सोडलं. तेव्हापासून बाबांनी तिच्या पायात घुंगरू बांधले आहेत. ते घरामागच्या वावरात निंदत असतात आणि कान घराकडे असतो. आम्ही बांधावर बोलत बसलो होतो. आतून छुम छुम येत होतं, मग येईनासं झालं.

बाबांनी विळा तिथेच टाकला आणि घराकडे धाव घेतली.