खेकड्याची रीत आणि चुलत सासूबाईंचा हात

पाणी चुलत सासूबाईंच्या हनुवटीला लागलं होतं आणि त्यांचा उजवा हात अजून खांद्यापर्यंत खेकड्याच्या बिळात होता. त्या काठाच्या उतारावर चिखलात एका कुशीवर आडव्या पडलेल्या, मी छातीइतक्या पाण्यात गुडघे रोवून बसलेली, आणि त्यांचं डोकं माझ्या दोन्ही तळव्यांवर तोललेलं. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. पाऊस पडला होता तो वर बालाघाटाच्या डोंगरात, आणि तिथलं पाणी सिंदफणेतून आता आमच्यापर्यंत आलं होतं. आधी काड्या आल्या, मग फेस आला, मग पाण्याचा रंग बदलला. "आत्याबाई, ओढू का हात?" मी पुन्हा विचारलं. त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "गप बस. वढलं की त्यो आणखी आवळतो. निपचित पडलं की आपसूक सोडतो. खेकड्याला म्या वळखते का तू?"

सबंध बीड जिल्ह्यात खेकडा ओळखणारी त्यांच्यासारखी दुसरी बाई झाली नाही. हे मी आजही सांगते, आणि त्या दिवशी हेच आमच्या जिवावर उठलं होतं. दुसरी कुणी साधी बाई असती तर तिने पहिल्या चिमट्यालाच बोंब ठोकून हात उपसला असता आणि फार तर एक बोट रक्ताळून घरी गेली असती. यांना खेकड्याची रीत ठाऊक, म्हणून त्या रीतीने पडून राहिल्या. नदीला ती रीत ठाऊक नव्हती.

त्या माझ्या सासूबाईंच्या धाकट्या जाऊ. उंच, वाळक्या, कासोटा घट्ट खोवलेला, आणि दोन्ही हातांच्या बोटांवर नांग्यांचे जुने पांढरे वण. मी त्या घरात सून म्हणून आले ती त्यांच्याच पसंतीने. आमच्या चकलांब्याच्या घरी मुलगी बघायला बाकीचे लोक आले ते नाक-डोळे बघत होते. या पुढे आल्या, म्हणाल्या, "हात दाव गं," आणि नांगीत मांस भरलंय का बघतात तसं माझं मनगट दाबून बघितलं. आईने भीतभीत विचारलं, "पोरगी पसंत हाय का?" तर म्हणाल्या, "भरलेली हाय. घ्या." माझं लग्न जमलं ते असं. पुढे मला कळलं की खेकडाही त्या असाच घेत. आधी दाबून बघत, मग उताणा करत. पोटावरची झाकणी अरुंद असली तर नर, रुंद असली तर मादी. मादीची झाकणी त्या नखाने हळूच उचलून बघत. आत मोहरीसारखी पिल्लं चिकटलेली असली की तिला पुन्हा पाण्याच्या कडेला ठेवून देत. "लेकुरवाळी हाय, जाऊ दे." बेडकाचं पिल्लू आधी माशासारखं शेपटीवर पोहतं, पण खेकड्याचं पिल्लू आईच्या पोटाखालीच पुरता खेकडा होऊन बाहेर येतं, याचं त्यांना फार कौतुक. "बग, यवढुसं हाय पर नांग्या घिऊनच आलंय," असं मला दाखवत, आणि मी दर वेळी नको म्हणून मागे सरके. मला खेकड्याची भीती वाटायची, बिळाची त्याहून जास्त.

बिळांविषयी त्या गावातल्या घरांविषयी बोलावं तसं बोलत. तोंडाशी ताज्या मातीच्या गोळ्या दिसल्या की, "मालक घरी हाय." तोंड गुळगुळीत आणि माती कोरडी असली की त्या मला हाताने मागे ढकलत. "हितं दुसरंच कूळ बसलंय." म्हणजे साप. चैत्र-वैशाखात नदी आटली की खेकडा खाली ओल लागेपर्यंत खोल जातो आणि दाराला मातीचं बूच मारून बसतो. तेव्हा कुणी खणायला निघालं तर त्या शिव्या देत. एकदा त्यांना कात टाकलेल्या खेकड्याचं रिकामं कवच सापडलं, डोळ्यांच्या खोबणीसकट सबंध. ते त्यांनी आणून भिंतीतल्या देवळीत ठेवलं. पाहुणा आला की दाखवत आणि सांगत, "ह्यो अंगरखा टाकून नवा घालाया गेलाय." मोडलेली नांगीसुद्धा त्याला पुन्हा फुटते, आधी लहान, मग दर कातीला मोठी. म्हणून एक नांगी थोर आणि एक पोरसवदा असलेला खेकडा दिसला की त्या म्हणत, "ह्यो भांडणात हरलाय, पर खचला न्हाई."

निजामाचं राज्य होतं. गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, दौऱ्यावर आला की त्याला जे खावंसं वाटेल ते गावाने पुरवायचं. एका गिरदावराला खेकडे खावेसे वाटले. पाटलाचा माणूस आमच्या दारात आला. चुलत सासूबाई म्हणाल्या, मेलेला खेकडा चुलीवर चढवायचा नसतो, जिता न्यावा लागतो. ओल्या फडक्यात बांधला तर पाण्याबाहेर दिवसभर टिकतो. त्यांनी गाठोडं बांधून स्वतः चावडीत नेऊन दिलं आणि वर सांगितलं, "गाठ सोडू नगा, फकस्त पाणी शिंपा." खानसाम्याने अर्थातच गाठ सोडली. खेकडे चावडीभर पांगले. एक गिरदावराच्या खाटेवर चढला आणि उशाशी ठेवलेल्या रूमी टोपीचा गोंडा धरून बसला. गिरदावर खाटेवर उभा राहून ओरडत होता, "ये क्या बला है! हटाव इसकू!" आणि या दारातून शांतपणे सांगत होत्या, "वढू नगा साहेब. गप बसा, आपसूक सोडतो." गिरदावर गप बसेना. गोंडा तुटला. त्या दौऱ्यात त्याने पुन्हा खेकड्याचं नाव काढलं नाही.

आमचे मामंजी माळकरी, नारायणगडाला जाणारे. त्यामुळे खेकडा घरात शिजत नसे. परसात तीन दगडांवर, वेगळ्या मडक्यात. पाय पाट्यावर ठेचायचे, पाणी घालून फडक्यातून रस पिळायचा, त्याला ज्वारीचं पीठ लावायचं, मग येसराचा काळा मसाला आणि नांग्या. वास घरभर जायचाच. तेव्हा मामंजी भिंतीकडे तोंड करून जप वाढवायचे. आजारी माणसासाठी असला तर मात्र त्याला औषध म्हणायचं, आणि औषध उंबऱ्याच्या आत आलेलं चालायचं.

त्या भाद्रपदात औषधच हवं होतं. माझ्या सासूबाईंना मोठा ताप येऊन गेला आणि मागे खोकला राहिला. भाकरी सुटली, पोटऱ्या काठीसारख्या झाल्या. गावचा वैद्य पुड्या देत होता. चुलत सासूबाईंचं त्याच्यावर काही मत नव्हतं. "खेकड्याच्या रसानं छाती सुटती," म्हणाल्या, आणि मडकं घेऊन निघाल्या. मला सोबत घेतलं, कारण मडकं धरायला कुणीतरी हवं.

आता हे ऐकून कुणाला वाटेल दोघी जावांचं फार गूळपीठ होतं. तसं काही नव्हतं. आजेसासूबाई गेल्या तेव्हा चांदीच्या वाक्यांची एक जोडी मागे राहिली. दंडात घालायचा तो दागिना. कुणाला द्यायची ते म्हातारी बोलली नाही. थोरलीने एक उचलली, धाकटीने दुसरी, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींच्या दंडातली कधी निघते याची वाट बघत होत्या. न्हाताना काढायची नाही, निजताना काढायची नाही. एकाच दंडात वाकी घातलेल्या दोन बायका घरात फिरत, आणि येणारा-जाणारा बघून घेई. दोघींच्या दंडाला काळं वळं पडलं होतं. "तिनं काढली की जोडी माजी," हे मी दोघींच्याही तोंडून ऐकलंय.

तर वाकी घातलेलाच तो हात बिळात गेला होता. करंजाच्या झाडाखालचं बीळ, दारात ताजी माती. हात घातला, आत काहीतरी चावलं, त्या म्हणाल्या, "धरलं बग. थोर हाय." आणि नेहमीसारख्या निपचित पडल्या. तेव्हा पाणी घोट्याखाली होतं. मी भरलेलं मडकं फांदीला अडकवलं आणि बसले. पाणी मांडीला आलं तेव्हा मी म्हणाले, आत्याबाई, नदी वाढतेय. त्या म्हणाल्या, सुटत आलाय. पाणी काखेत गेलं, बिळाचं तोंड बुडालं, तेव्हा म्हणाल्या, हात बधिर झालाय, पण धरून हाय. वरून एक बाभळीचं खोड गरगरत आलं आणि आमच्या शेजारून गेलं. ते फुटभर अलीकडून गेलं असतं तर हे सांगायला कुणी राहिलं नसतं.

इतक्यात आमच्यापासून हातभर वर, मुळ्यांजवळ, काठाची माती हलली. तिथून तळहाताएवढा खेकडा बाहेर आला, क्षणभर थांबला, आणि आडवा चालत आमच्या नाकासमोरून वर निघून गेला. बिळाला दुसरं तोंड होतं. आत पाणी भरलं तसा मालक मागच्या दाराने निघाला.

चुलत सासूबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं.

"ह्यो कोण गं?"

"तुमचाच की."

"मग मला धरलंय कुनी?"

 माझ्या मनात जे आलं त्याचं नाव आमच्याकडे घेत नाहीत. त्याच म्हणाल्या, "लांबडं नसंल. लांबडं चावून जातं, धरून बसत न्हाई."

"मग काय असंल?"

"मला काय ठावं? हात घाल अन् बग."

मी त्या घरात आल्यापासून एकाही बिळात बोट घातलं नव्हतं. तेव्हाही घालायचं नव्हतं.  त्यात त्यांचं डोकं धरलेले हात सोडल्याशिवाय बिळात हात जाणार नव्हता, आणि सोडले की त्या पाण्याखाली. "सोड," त्या म्हणाल्या. "म्या दम धरते. कावून बगतीस तोंडाकडं? सोड!"

सोडलं. त्यांचं तोंड बुडालं, केस वर तरंगले. मी त्यांच्या दंडावरून हात आत सरकवला. पाण्याने माती मऊ झाली होती, म्हणून गेला. बोटांना आधी मांस लागलं, मग चांदी, मग काहीतरी जाड, ओलं, वळलेलं. मी हात मागे घेणार तेवढ्यात कळलं की ते हलत नाही. मुळी होती. करंजाच्या मुळीचा आतल्या बाजूला वाकलेला खुंट वाकीत शिरला होता. हात आत जाताना वाकी खुंटावरून सरकली होती, आता हात जरा मागे आला की अडकत होती. खेकड्याने केव्हाच सोडलं होतं.

मी त्यांचं डोकं वर घेतलं. त्यांनी पाणी थुंकलं.

"वाकी अडकलीय मुळीत. तिचा खिळा काढते."

"खिळा न्हाई काढायचा! आत ढकलून बग."

"ढकलायला येळ न्हाई, आत्याबाई."

"वाकी गेली तर थोरली म्हनंल—"

"थोरली काय म्हनंल ते ऐकाया तुमी तर ऱ्हावा!"

एवढं तोडून मी त्या घरात कुणाशी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग एक लाट तोंडात गेली आणि खोकत म्हणाल्या, "काढ मेले."

वाकीचा खिळा फिरकीचा. कित्येक वर्षांत तो कुणी फिरवला नव्हता. मी चिखलात हात घालून नखाने फिरवत होते, त्या पाण्याखाली होत्या, आणि त्यांचा डावा हात माझ्या पदराला इतका घट्ट धरून होता की मला वाटलं दोघी एकदमच जाऊ. माझं नख उलटलं. खिळा फिरला. वाकी उघडली आणि त्यांचा हात असा सुटला की दोघी मागे आपटलो. करंजाच्या मुळ्या धरून वर चढलो. आम्ही वर बसून धापा टाकत असताना बिळासकट तो काठ खाली बसला.

त्यांचा हात कोपरापासून निळा पडला होता. बोट फुटलं होतं. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही की, "मडकं कुठाय?" मडकं फांदीला होतं. आत खेकडे खडबडत होते.

संध्याकाळी परसात रस झाला. चुलत सासूबाईंनीच वाटी भरून नेली. माझ्या सासूबाई भिंतीला टेकून बसल्या, दोन घोट घेतले, आणि त्यांची नजर जावेच्या उघड्या दंडावर गेली.

"वाकी कुठाय?"

मी सासूबाईंना म्हणाले, "नदीत—"

"तू गप," सासूबाई म्हणाल्या. "नदीत म्हनं! म्हायेरी पाठिवलीस न्हवं गं? म्या मरायची वाट न बगता लपवलीस?"

मला वाटलं आता चुलत सासूबाई शपथ घेतील, निळा हात दाखवतील. त्यांनी हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "पाठिवली तर पाठिवली. काय करतीस?"

सासूबाई ताठ बसल्या. पुष्कळ दिवसांनी त्यांचा आवाज ओसरीपर्यंत गेला. आईबाप काढले, लग्नातला मानपान काढला, आणि बोलता बोलता सगळी वाटी संपवली. मामंजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. बाहेर आल्यावर मी चुलत सासूबाईंना विचारलं, खोटं कावून सांगितलंत? त्या मडकं घासत होत्या. म्हणाल्या, "भांडताना खोकली का ती? न्हाई न्हवं? मग." त्यानंतर पाऊस सरेपर्यंत त्या रोज रस नेत आणि रोज वाकीवरून भांडण काढत. कधी म्हणत विकली, कधी म्हणत भावजयीला घातली. बिळात हात मात्र डावा घालत, कारण उजव्याची मूठ पुन्हा नीट वळली नाही. आणि मी आता मडकं धरण्यापुरती उरले नव्हते. उजव्या बाजूची बिळं माझी झाली.

रसाने छाती सुटते असं त्यांचं मत होतं. मला त्यातलं कळत नाही. सासूबाई दिवाळीच्या अलीकडे गेल्या. शेवटच्या दिवशी त्या भांडल्या नाहीत, तेव्हाच चुलत सासूबाई परसात जाऊन बसल्या आणि कुणी बोलावलं तरी आत येईनात.

त्या साली घरातून सासूबाई गेल्या. चुलत सासूबाई जगल्या आणि मी जगले.