पाणी ओतणारं पाखरू

अन्नाबा शहरातल्या त्या मोहल्ल्यात सेब्ती न्हाव्याला सगळे ओळखत, पण त्याची सकाळ कुणाला ठाऊक नव्हती. म्हणजे तो तळ्याकाठच्या बागेत जातो, कॅमेरा घेऊन जातो, एवढं माहीत होतं. तिथं तो काय पाहतो हे त्यानं कुणाला नीट सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, बगळे. बगळ्यांत कुणाला रस नसतो.

बाग जुनी, नगरपालिकेची. नारिंगाच्या रांगा, मोडके बाक, कोरडं पडलेलं कारंजं आणि खालच्या अंगाला लव्हाळ्यांतून पसरत गेलेलं तळं. दिवसभर उभं राहून सेब्तीचे गुडघे धरू लागले, तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून तो तिथं जाऊ लागला. लग्नाचे फोटो काढणारं त्याचं एक गिऱ्हाईक समुद्रापलीकडे गेलं ते परत आलंच नाही. जाताना त्यानं सांभाळायला ठेवलेला कॅमेरा सेब्तीच्या गळ्यात आला. मग फांदीवर रंग बदलत बसलेला सरडा, ओल्या गवतात चोच खुपसणारा हुदहुद, उन्हाला पाठ देऊन बसलेली कासवं, पाणकोंबडीची काळी पिल्लं, असं जे समोर येईल ते तो टिपत गेला. त्याची बायको हूरिया म्हणायची, "बाकीच्या बायका नवऱ्याच्या फोनमध्ये दुसऱ्या बाईचा फोटो शोधतात. मी शोधला तर कासव निघालं."

त्या वर्षीच्या वसंतात बागेच्या टोकाच्या नारिंगात मक्नीनच्या जोडीनं घरटं केलं.

मक्नीन म्हणजे मुठीत मावेल एवढं पाखरू. तोंड लालभडक, पंखावर सोन्याचा पट्टा. पण मोहल्ल्याला त्याच्या रंगाचं काही नव्हतं, त्याच्या गळ्याचं वेड होतं. एक कॉफीचं दुकान पिंजऱ्याशिवाय नव्हतं. शुक्रवारी सकाळी मोठमोठी माणसं आपापले पिंजरे टांगून, कप हातात धरून, गवयापुढे बसावं तशी मान खाली घालून बसत. या वेडापायी आसपासचं रान कधीच मोकळं झालं होतं. पिंजऱ्यात होती ती सरहद्दीपलीकडून चोरून आणलेली किंवा पिंजऱ्यातच जन्मलेली पाखरं. कायद्यानं धरायला बंदी होती, पण कायदा काही रोज पहाटे उठून रानात जात नाही. अशा वेळी मोकळी जोडी दिसणं म्हणजे रस्त्यात सोनं पडलेलं दिसणं, आणि पडलेल्या सोन्याचं काय होतं हे सेब्ती जाणून होता.

त्यानं फार काळजी घेतली. दुकानातला पांढरा डगला घालून तो रोज त्याच बाकावर, त्याच बाजूला तोंड करून बसायचा, म्हणजे पाखरांना तो झाडाझुडपासारखा वाटावा. महिनाभरात नर इतका सरावला की हातभर अंतरावरच्या उंटकटाऱ्यावर येऊन बिया सोलत बसे. फोटोत फक्त पानं आणि आभाळ येईल असं सेब्ती पाही. पाणी नाही, डोंगर नाही, बाक नाही. फोटो पाहून जगातल्या कुणालाही जागा सांगता आली नसती.

हूरियाचा भाऊ लाईद पाखरांचा व्यापारी होता. आठवड्याच्या बाजारात त्याचे पिंजरे लागत. हसरा, तोंडाचा गोड, बहिणीकडे कधी रिकाम्या हातानं न येणारा माणूस. कधी सार्डिन मासे, कधी कलिंगड. दाढीला मात्र तो सेब्तीकडेच येई आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्याची फिरकी घेई. त्या गुरुवारी दुकान भरलेलं होतं. खुर्चीत हाजी मेक्की होते, तोंडाला फेस लावलेला. हाजींची नजर मोतीबिंदूनं गेल्यात जमा होती, पण मक्नीनच्या गळ्याबद्दल मोहल्ल्यात वाद झाला की निवाडा त्यांच्याकडेच जाई. लाईद बाकड्यावर बसून म्हणत होता की आमचे दाजी मेलेल्या जगाचे फोटोवाले आहेत. सरहद्दीच्या अलीकडे रानातला मक्नीन एकही उरलेला नाही, असता तर मला कळला असता. सगळे हसले. मग त्यानं आणखी एक काडी टाकली.

"दाजी, खरं सांगा, ते बगळेही भुसा भरलेले असतात ना?"

सेब्तीनं वस्तरा खाली ठेवला, हात पुसले आणि फोन काढला. त्यात नराचं छोटंसं चित्रण होतं. पानं, आभाळ आणि पाखरू. जागा कळणार नाही याची त्याला खात्री होती. त्यानं ते लावलं आणि फोन बाकड्यावरच्या माणसांपुढे धरला.

चूक झाली ती इथं. इतके महिने तो डोळ्यांनी जगत होता. आपण कानांच्या माणसांत बसलो आहोत हे तो विसरला.

हाजी मेक्कींनी फेसातून बोट वर केलं. 

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

सेब्तीला बरं वाटलं. त्यानं पुन्हा लावलं. पाखरानं तान घेतली, वर नेली आणि शेवटी अरुंद तोंडाच्या सुरईतून पाणी ओतावं तसा गळा खाली सोडला.

"ओततो," हाजी हळूच म्हणाले. "शेवटाला ओततो बघा. माझ्या बापाकडे होता असा. डोंगरातला मक्नीन शेवटाला तोडतो, समुद्राकडचा घासतो. ओतणारा फक्त तळ्याचा. मला वाटलं होतं, मी मरायच्या आधी तो संपला."

 लाईद बाकड्यावरून पुढे सरकून फोनकडे पाहत राहिला. सेब्तीनं फोन खिशात घातला आणि वस्तरा उचलला, तेव्हा कुठं आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. 

त्या दुकानाचा एक जुना रिवाज होता, सेब्तीच्या बापाच्या वेळेपासूनचा. रानातल्या पाखराचा गळा जो चारचौघांत ऐकवील त्यानं रान उघडलं असं धरायचं. मग त्या रानात जायची सगळ्यांना मोकळीक, आणि धरलेलं पहिलं पाखरू ऐकवणाऱ्याचं. सेब्तीला तो रिवाज तोंडपाठ होता. आपण फोटोवाले झालो म्हणजे त्यातून सुटलो, असं त्यानं मनाशी धरलं होतं एवढंच.

पुढच्या दिवसांत वाईट असं काही घडलं नाही. सेब्तीला त्याचीच भीती वाटू लागली. तो कॉफीच्या दुकानात शिरला की बोलणं थांबे आणि मग पावसावर, कांद्याच्या भावावर सुरू होई. लाईद जेवायला आला, चोरब्याचं सूप दोनदा मागून घेतलं, भाच्यांची चौकशी केली आणि गेला. भांडी उचलताना हूरिया म्हणाली, "आज हा पाखरांबद्दल एक शब्द बोलला नाही. बरं नाहीये का त्याला?"

बागेच्या रखवालदारानं सांगितलं की हल्ली सकाळी दोघं-तिघं मासे धरायला म्हणून येतात. गळ मात्र कुणाच्या हातात दिसला नाही. एकदा सेब्तीला लव्हाळ्यांत काळं फडकं टाकलेली चौकोनी वस्तू दिसली. तो जवळ जाईपर्यंत ती तिथं नव्हती, गवत मात्र चौकोनी दबलेलं होतं. घरट्याजवळचे उंटकटारे कुणीतरी तोडले होते, एक सोडून. भुकेलं पाखरू कुठं बसणार हे आता ठरलेलं होतं. सेब्तीनं तोही तोडला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवा आणून खोचलेला होता.

वनखात्याच्या कचेरीत जाऊन सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण तिथं नाव विचारणार. त्यानं हूरियाकडे विषय काढला. ती शेंगा सोलत होती.

"जायचं तर जा," ती म्हणाली. "फक्त आधी मला सांग. माझ्या भावाला धरून नेलं की आईच्या दारात मी कुठल्या तोंडानं उभी राहू, ते मला ठरवायला लागेल."

तो गेला नाही. पिल्लं उडायची झाली होती. थोडे दिवस निभावले की सगळी आपोआप पांगतील, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. हल्ली तो अंधार सरायच्या आत बागेत पोचत असे. तरीही लव्हाळ्यांत कुणीतरी आधीच आलेलं असे. दिसत नसे. खोकला ऐकू येई, मग तोही थांबे.

एका सकाळी पिल्लं घरट्याबाहेर आली. जवळच्या सरूच्या झाडात बसून ती एकसारखी ओरडत होती आणि मादी एकटीच त्यांना भरवत होती. नर नव्हता. खोचलेल्या उंटकटाऱ्याला चीक फासलेली काडी तिरपी बांधलेली होती आणि चिकात एक पिवळं पीस अडकलेलं होतं. सेब्तीनं कॅमेरा काढला नाही.

दुकान उघडून तो नेहमीसारखा कामाला लागला. लाईद आला, मागोमाग इतरही आले. लाईदच्या हातात नवा पिंजरा होता, फडक्यानं झाकलेला. आरशावर बापाच्या वेळच्या पिंजऱ्याचा आकडा होता, ज्यावर आता टॉवेल असे. लाईदनं टॉवेल काढून त्याची घडी घातली आणि पिंजरा तिथं टांगला.

"दाजी, तुमचा वाटा," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. मान देताना बोलतात तसा तो बोलत होता. "रान तुम्ही उघडलंत. मादी आणि पिल्लांना अजून हात लावलेला नाही. पहिलं तुमचं, मग आमचं."

बाकड्यावरच्या माणसांनी माना हलवल्या. हाजी मेक्कींनी तर उठून सेब्तीचा खांदा चाचपून मुबारक म्हटलं. फडक्याआड पाखरू तारांवर आदळत होतं. नाही म्हणायचं तर सेब्ती काय सांगणार? ऐकवायचं नव्हतं? सगळ्यांनी दोनदा ऐकलं होतं.

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची एक बाजू झाली होती. सेब्तीनं त्याच्या गळ्यातलं कापड सोडलं, पिंजरा उतरवला आणि भर सकाळी दुकानाबाहेर पडला. मागून कुणी हसलं नाही, कुणी अडवलंही नाही. वाट्याचं पाखरू ज्याचं त्याचं. त्यानं ते कुठं न्यावं हा त्याचा प्रश्न.

बागेत बाकाजवळ त्यानं दार उघडलं. पंखाची काही पिसं चिकानं गेली होती, त्यामुळे नर धडपडत उडाला, पण सरूपर्यंत पोचला. पिल्लं त्याच्याकडे झेपावली. आणि पाच श्वास जात नाहीत तोच तो गाऊ लागला. शेवटी ओतलं. लव्हाळ्यांतून, फडक्याखालून, आमिषाला ठेवलेल्या दुसऱ्या मक्नीननं त्याला उत्तर दिलं. नर मान वाकडी करून तिकडे पाहू लागला.

सेब्तीनं हात उडवले. नर हलला नाही. पांढऱ्या डगल्याला तो कशाला भिणार? मग सेब्तीनं खाली वाकून ढेकूळ उचललं आणि फेकलं. पहिलं चुकलं. दुसरं त्याच्या पायाखालच्या फांदीवर फुटलं. तो ढेकळं फेकत राहिला, गुडघे ओरडत असताना वाकत राहिला, आणि शेवटी सगळं कुटुंब चिरकत उठलं आणि पाण्यावरून पलीकडे गेलं. लव्हाळ्यांत कुणीतरी शांतपणे पिंजऱ्यावर फडकं ओढून घेतलं.

लाईद शुक्रवारच्या नमाजाआधी दाढीला आला. राग नव्हता. त्यानं मान मागे टाकली, डोळे मिटले. सेब्ती त्याच्या गळ्यावरून वस्तरा फिरवत असताना तो पुटपुटल्यासारखा बोलू लागला.

"तुमची गंमत वाटते मला, दाजी. पोर घरातून पळालं म्हणून कुणी त्याच्यामागे धावतं का? भूक लागली की येतं. ओढे आटलेत. डोंगरात थेंब नाही. पाणी एवढं एकच आहे. येतील." मग डोळे न उघडता म्हणाला, "इथं जरा हळू."

ते खरं होतं. उन्हाळा चढत गेला. तळ्याचा काठ रोज थोडा मागे सरत होता, चिखल उघडा पडून तडकत होता आणि दुपारी लव्हाळी काडकाड वाजत होती. सगळ्या रानातली पाखरं त्या उरलेल्या पाण्यावर येऊ लागली, आणि त्यात मक्नीनचं ते कुटुंबही परतलं.

सेब्ती अजूनही रोज जातो. कॅमेरा घरी, कपाटावर असतो. डगल्याच्या खिशांत खडे असतात. ज्या पाखरांना त्यानं वसंतभर माणसाची भीती विसरायला लावली, त्यांना तो आता ती एकेक खडा मारून शिकवतो. रखवालदार म्हणतो, न्हावी फिरला. गिऱ्हाइकं त्याच्या पाठीमागे बोट डोक्याशी नेतात. सुरुवातीला नर खडा पडेपर्यंत बसून राही. मग खडा सुटला की उडू लागला. पुढे एका सकाळी नुसता डगला दिसताच उडाला, आणि त्या सकाळी सेब्ती घरी येऊन पोटभर जेवला.

गेल्या काही दिवसांपासून मात्र काठावर कुणी उडतच नाही. ती शहाणी होऊन दुसरीकडे गेली असतील. किंवा तो पोचायच्या आधी कुणीतरी पोचलं असेल. चिखलात पायांचे ठसे असतात, पण ते कशाला आलेल्याचे हे ठशांवरून कळत नाही. लाईद भेटतो, कलिंगड आणतो, भाच्यांची चौकशी करतो. सेब्ती त्याला विचारत नाही.

बागेतून दुकानाकडे जाताना कॉफीच्या दुकानांची रांग लागते. दारांवर पिंजरे टांगलेले असतात. सेब्ती पूर्वी तिथून झपझप जायचा. आता तो सावकाश जातो, एकेका पिंजऱ्याखाली थांबतो, आणि पाखराची तान वर चढून शेवटाला येते तेव्हा श्वास धरतो. कुणी तोडतो, कुणी घासतो. ओतणारा अजून तरी त्याच्या कानावर आलेला नाही.